विचारले एक, मिळाले भलतेच!

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मी मुलांचे प्रवेशाचे अर्ज तपासत बसलो होतो. चार घरची धुणीभांडी करणारी एक ताई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी बारावी पास झालेली. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत घडी घातलेले कागद.

"भाऊ, सगळं झालं, फक्त नॉन क्रिमीलेयर राहिलाय," ताई म्हणाली. "त्याच्यासाठी दोन दिवस खाडा करून रांगेत उभी राहिले. आज खिडकीवरचा माणूस म्हणतो, तुम्हाला तो लागतच नाही. मग मोबाईलमध्ये का लिहिलंय?"

खिडकीवरच्या माणसाचे म्हणणे बरोबर होते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला नॉन क्रिमीलेयरचा दाखला लागत नाही. तो इतर मागासवर्गासारख्या प्रवर्गांसाठी असतो. मी मुलीच्या मोबाईलवर ते पान पाहिले. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना प्रवेशासाठी लागणारे कागद, असा मथळा होता आणि खाली भली मोठी यादी. त्या यादीत खोटे असे काहीच नव्हते. पण कोणता कागद कोणत्या प्रवर्गाला लागतो, हे मात्र कुठेही लिहिलेले नव्हते. लिहिणाऱ्याने सगळ्यांसाठी मिळून एकच यादी केली होती. त्याची भरपाई या ताईने दोन दिवसांच्या मजुरीने केली.

मी त्या पान लिहिणाऱ्याला मनातल्या मनात दोष देत होतो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, आपल्या मंडळाचं पण पान आहे ना? त्यात मी पाहिलं, काहीच नाही मिळालं." तिने ते उघडून दाखवले. सुरुवातीला अध्यक्षांचे मनोगत, मग मंडळाच्या स्थापनेचा इतिहास, त्याखाली मिरवणुकीची छायाचित्रे, सत्काराची छायाचित्रे आणि अगदी तळाशी एक ओळ : 'विद्यार्थ्यांना शैक्षणिक मार्गदर्शन केले जाते.' वाचक बंधू-भगिनींनो, ते पान मीच लिहिले होते.

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आपण लिहिताना स्वतःला काय सांगायचे आहे एवढाच विचार केला. शोधत येणाऱ्याला काय हवे आहे, हा प्रश्न मनात आलाच नाही. आजचा हा लेख त्याच प्रश्नावर आहे.

खिडकीचा धडा

मी पेशाने लिपिक. खिडकीवर बसण्यात बरीच वर्षे गेली. माणूस येतो आणि म्हणतो, "साहेब, फॉर्म द्या." कोणता फॉर्म? त्याला ठाऊक नसते. "कशासाठी पाहिजे?" असे विचारले की तो सांगतो, पोराचे नाव चुकले आहे, किंवा वडील वारले, त्यांच्या जागी आईचे नाव लावायचे आहे. म्हणजे त्याने तोंडाने मागितला फॉर्म, पण त्याची गरज वेगळी होती. चांगला लिपिक कोण? जो एक प्रश्न जास्त विचारतो तो. वाईट लिपिक कोण? जो हाताला येईल तो फॉर्म पुढे सरकवतो आणि माणसाला पुन्हा दुसऱ्या दिवशी रांगेत उभा करतो.

मोबाईलवर शोधणारा माणूसही असाच असतो. तो दोन-तीन शब्द टाकतो. मनातला बाकीचा प्रश्न तो लिहीत नाही, कारण तो त्याला गृहीतच असतो. फरक एवढाच की पानाला तोंड नसते. ते उलट विचारू शकत नाही, "ताई, प्रवर्ग कोणता? प्रवेश कशाला घेताय?" म्हणून ते प्रश्न पान लिहिणाऱ्याने आधीच स्वतःला विचारले पाहिजेत.

ही समस्या इंटरनेटच्या आधीपासूनची आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके जपून कुलपात ठेवण्यासाठी नसतात, ती वापरण्यासाठी असतात. ज्याला जे हवे ते त्याच्या हाती पडावे आणि त्याचा वेळ वाया जाऊ नये, असा त्या नियमांचा रोख होता. आज घराघरात मोबाईल आहे, पण हा जुना धडा आपण विसरलो.

यंत्राला कळते ते काय?

शोधयंत्र कसे वाढत गेले, हे थोडक्यात पाहू. १९९४ साली जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी अमेरिकेत 'याहू'ची सुरुवात केली. ती म्हणजे माणसांनी हाताने लावलेली संकेतस्थळांची यादी होती. १९९५ मध्ये 'अल्टाव्हिस्टा' आले. ते पानांमधले शब्द जुळवून पाहायचे. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 'गूगल' कंपनी स्थापन केली. त्यांनी शब्दांच्या जोडीला आणखी एक कसोटी लावली. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती पाने बोट दाखवतात, यावरून त्या पानाचे वजन ठरू लागले.

यंत्र शब्द जुळवते हे कळल्यावर चलाख मंडळींनी युक्त्या काढल्या. एकच शब्द पानात शंभर वेळा लिहायचा. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरात शब्द भरायचे, म्हणजे माणसाला दिसणार नाहीत पण यंत्राला दिसतील. पान वर यायचे, माणूस उघडायचा आणि आत काहीच नाही! शब्द जुळला, पण गरज जुळली नाही.

२००२ साली आंद्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञाने एक साधा पण मूलभूत मुद्दा मांडला. अल्टाव्हिस्टावर लोक काय शोधतात हे तपासून त्यांनी शोधांचे तीन प्रकार केले. पहिला, विशिष्ट ठिकाणी पोहोचण्याचा. म्हणजे 'महाडीबीटी' असे लिहिणाऱ्याला त्यावरचा लेख नको असतो, ते संकेतस्थळच उघडून हवे असते. दुसरा, माहिती मिळवण्याचा. उदाहरणार्थ 'शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा किती'. तिसरा, काहीतरी काम उरकण्याचा. म्हणजे अर्ज भरणे, तिकीट काढणे, नमुना उतरवून घेणे. ब्रोडर यांनी तपासलेल्या शोधांत साधारण निम्मे माहितीचे, ३० टक्के काम उरकण्याचे आणि २० टक्के ठिकाण गाठण्याचे निघाले. म्हणजे निम्म्या लोकांना मुळी माहितीपर लेख नकोच होता!

गूगल कंपनी आपल्या निकालांचा दर्जा तपासायला माणसे नेमते. त्यांच्यासाठीची सविस्तर नियमावली कंपनीने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्यातही शोधणाऱ्याच्या हेतूचे असेच प्रकार आहेत : जाणून घ्यायचे आहे, काही करायचे आहे, ठरावीक संकेतस्थळावर जायचे आहे, किंवा प्रत्यक्ष एखाद्या ठिकाणी जायचे आहे. आणि तपासणाऱ्याने पाहायचे ते हेच, की या पानाने शोधणाऱ्याची गरज भागली की नाही.

एक उदाहरण फार बोलके आहे. ब्राझीलच्या माणसाला अमेरिकेला जायला व्हिसा लागतो का, असा शोध कोणी घेतला की जुने यंत्र अमेरिकन माणसाने ब्राझीलला जाण्याविषयीची पाने दाखवायचे. शब्द तेच, दिशा उलटी! इंग्रजीतला एक चिमुकला जोडशब्द यंत्र सोडून देत होते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने 'बर्ट' नावाची पद्धत आणली आणि वाक्यातल्या शब्दांचा एकमेकांशी असलेला संबंध यंत्राला अधिक कळू लागला. आपल्या मराठीत हे काम विभक्ती करते. 'मुंबईहून पुण्याला' आणि 'पुण्याहून मुंबईला' यांत गावे तीच, पण गाडी वेगळी. प्रत्यय सोडून दिला तर माणूस भलत्याच फलाटावर उभा राहील.

शब्द एक, गरजा अनेक

यंत्र सुधारले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. यंत्र फार तर असलेल्या पानांतले बरे पान पुढे करील. मुळात कामाचे पान कोणी लिहिलेलेच नसेल तर ते काय दाखवणार?

'जातीचा दाखला' एवढेच शब्द घ्या. ते कोण कोण लिहिते? पहिल्यांदा दाखला काढणारा बाप लिहितो. त्याला अर्ज कुठे करायचा आणि कोणते पुरावे लागतात हे हवे आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबा-पणजोबांची शाळेची किंवा गावची नोंद शोधावी लागते. हे त्याला पहिल्या चार ओळींत कळले पाहिजे. दुसरी एक मुलगी तेच शब्द लिहिते, पण तिच्याकडे दाखला आहे. तिला हवे आहे जात वैधता प्रमाणपत्र. दाखला देतो उपविभागीय अधिकारी आणि वैधता देते जिल्ह्याची पडताळणी समिती. हे दोन वेगळे कागद, दोन वेगळी दारे. तिसरा तरुण केंद्र सरकारच्या नोकरीचा अर्ज भरतो आहे. त्याला केंद्राच्या नमुन्यातला दाखला हवा. चौथ्याचा दाखला हरवला आहे. पाचव्याने अर्ज करून महिना झाला, त्याला फक्त अर्ज कुठे अडला हे पाहायचे आहे. पाच माणसे आणि शब्द तेच. या पाचांना एकच लांबलचक लेख दिला तर चार जण मध्येच सोडून देतील आणि पाचवा चुकीच्या दारात जाईल.

'स्कॉलरशिप' शब्दाचेही तसेच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असलेला पालक ते वाचतो, निराश होतो आणि मोबाईल बाजूला ठेवतो. पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या माफीसाठी 'फ्रीशिप' नावाची वेगळी योजना आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. त्याने शब्द टाकला स्कॉलरशिपचा. पण त्याची खरी विचारणा होती, 'माझ्या पोराची फी कशी भरू?' ज्याने हा प्रश्न ओळखला, तो शिष्यवृत्तीच्या पानावरच एक ओळ लिहील : उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर इथे थांबू नका, फ्रीशिप पाहा.

कचेरीची भाषा आणि आपली भाषा

आणखी एक अडथळा भाषेचा. कचेरी लिहिते 'अधिवास प्रमाणपत्र', आपण म्हणतो 'डोमिसाईल'. कचेरी लिहिते 'शिधापत्रिका', आपण म्हणतो 'रेशनकार्ड'. 'जात वैधता प्रमाणपत्र' असे कोणती आई बोलते? ती म्हणते 'व्हॅलिडिटी'. शिवाय पुष्कळ मुले मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून शोधतात. पान फक्त कचेरीच्या भाषेत असेल तर शोधणारी आई आणि माहिती या दोघी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंनी चालत राहतात, भेट होत नाही.

म्हणून दोन्ही शब्द लिहावेत. मथळ्यात आपला, त्याला लागूनच कचेरीचा. आपला शब्द वाचून माणूस पानावर येतो. कचेरीचा शब्द शिकून तो खिडकीवर ताठ मानेने उभा राहतो. त्याला दोन्हींची गरज आहे.

ठगाला मात्र सगळे कळते

आता एक कडू गोष्ट सांगतो. शोधणाऱ्याला काय हवे आहे, हे आपल्यासारख्या भल्या माणसांना कळत नाही, पण ठगाला बरोबर कळते. पैसे कापले गेले, मशीनमध्ये कार्ड अडकले की घाबरलेला माणूस काय शोधतो? बँकेचा फोन नंबर. त्याला बँकेचा इतिहास नको, नव्या योजना नकोत. ठग नेमके तेच देतो. मोठ्या अक्षरात नंबर, सर्वांत वर, दुसरे काही नाही. खरा नंबर मात्र अनेकदा संकेतस्थळाच्या कुठल्या तरी आतल्या पानावर असतो. माणूस ठगाला फोन करतो, विचारलेले आकडे सांगतो आणि महिन्याचा पगार घालवून बसतो.

तेव्हा बँकेचा नंबर शोधून घेऊ नका. तो कार्डाच्या पाठीमागे आणि पासबुकावर छापलेला असतो. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवा. आणि जे चांगल्या संस्था चालवतात, त्यांनीही विचार करावा. घाबरलेल्या माणसाला लागणारी गोष्ट आपण पाचव्या पानावर ठेवली, तर पहिले पान आपण ठगाला मोकळे करून दिले.

आम्ही काय केले?

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेच्या टेबलावर मी दोनशे पानी वही ठेवली. जो कोणी विचारायला येईल, त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहायचा, सुधारायचा नाही, असे मुलांना सांगितले. 'एलसीवर जात चुकलीय, काय करू', 'बापाचा दाखला नाही, आत्याचा चालतो का', 'हॉस्टेल मिळालं नाही तर पैसे मिळतात का'. दोन महिन्यांत वही निम्मी भरली. मग बसून आम्ही प्रश्न वेगळे काढले : जाणून घेण्याचे, काम उरकण्याचे, आणि कुठे जायचे ते विचारणारे.

त्यानंतर प्रत्येक प्रश्न मोबाईलवर शोधून पाहिला. पहिल्या आठ-दहा निकालांत काय येते? अर्जाचे नमुने येतात, पत्ते येतात, की लेख? यंत्राने असंख्य लोकांच्या शोधांवरून जो अंदाज बांधलेला असतो, तो तिथे दिसतो. खाली 'लोक हेही विचारतात' अशी यादी येते, तीही वहीत उतरवली.

मग लिहायला घेतले. नियम ठरवले ते असे. एका पानावर एकच प्रश्न. उत्तर पहिल्या दोन ओळींत, इतिहास आणि मनोगत नंतर. हे कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे वरच लिहायचे. कोणता कागद लागतो याबरोबर कोणता लागत नाही, हेही लिहायचे. शेवटची तारीख लिहिताना वर्ष लिहायचेच, कारण वर्ष नसलेली '३१ तारीख' दरवर्षी कोणाला ना कोणाला फसवते. पान कधी तपासले ती तारीख खाली टाकायची आणि सरकारी मूळ पानाचा दुवा द्यायचा. जे आम्हाला पक्के ठाऊक नाही ते लिहायचे नाही, कचेरीत विचारून घ्यायचे.

अध्यक्षांचे मनोगत मागे गेले म्हणून बैठकीत थोडी कुरबूर झाली. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारले, "मग मंडळाचं कार्य लोकांना कळणार कसं?" मी त्यांना ताईच्या दोन दिवसांच्या खाड्याची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझा फोटोही काढा वरून."

पान झाल्यावर आठवीतल्या एका मुलीच्या हाती मोबाईल दिला आणि सांगितले, "तुझ्या दादाला कोणते कागद लागतील ते शोधून सांग." ती जिथे अडखळली, तिथे आम्ही पुन्हा लिहिले. तिच्यापेक्षा मोठा परीक्षक आम्हाला मिळाला नसता.

शोधणाऱ्यांनो, तुम्हीही!

लिहिणाऱ्याला जशी जबाबदारी आहे, तशी शोधणाऱ्यालाही थोडी शिस्त हवी. दोन शब्दांवर भागवू नका. प्रवर्ग, इयत्ता, जिल्हा आणि वर्ष घालून पूर्ण प्रश्न लिहा. वर 'प्रायोजित' असे लिहिलेले असेल तर ती पैसे भरून लावलेली जाहिरात आहे, हे ओळखा. सरकारी काम असेल तर पत्त्याच्या शेवटी 'जी-ओ-व्ही डॉट आय-एन' आहे का ते पाहा. पानावरची तारीख पाहा. २०२४ पासून आपल्याकडे शोधाच्या वरच यंत्राने स्वतः तयार केलेले उत्तरही दिसू लागले आहे. ते वाचायला सोपे असते, पण ते इतरांच्या पानांवरूनच रचलेले असते. सोळा कागदांची सरसकट यादी जिथे तिथे पडलेली असेल, तर यंत्रही तीच यादी गोड भाषेत वाचून दाखवील. म्हणून रांगेत उभे राहण्याआधी मूळ सरकारी पान उघडा, नाहीतर जाणकाराला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि मंडळे, पतसंस्था, महिला बचत गट, शाळा चालवणाऱ्या माझ्या मित्रांनो, आपापले पान एकदा उघडून पाहा. व्हॉट्सॲपवर पाठवता ती सूचनाही पाहा. तिच्यात आपले कौतुक किती आणि येणाऱ्याच्या कामाचे किती? लिहिण्याआधी दोनच प्रश्न स्वतःला विचारा : हे कोण शोधत येणार आहे, आणि वाचून झाल्यावर उद्या सकाळी ती काय करणार आहे? त्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पान आपोआप नीट लिहिले जाते.

ती ताई परवा पुन्हा आली होती. मुलीला प्रवेश मिळाला आहे. या वेळी शेजारणीच्या मुलाचे काम होते. मी कागदांची यादी सांगायला लागलो, तर तिने मला थांबवले. "मोबाईलवर वाचलं, भाऊ. आपल्याच पानावर. फक्त उत्पन्नाच्या दाखल्याचं एक विचारायचं राहिलंय, ते तुम्ही लिहिलेलं नाही." मी वही पुढे ओढली आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून घेतला.